वीतभर कोरी जागा

भात कापणीला आलं की मला एका माणसाचा राग येतो.

लोकांना या दिवसांत काय काय सुचतं. सड्यावरचं, वरच्या कातळमाळावरचं गवत पिवळं पडलेलं असतं, सकाळी धुकं उतरतं आणि दुपारी ऊन असं भाजतं की इथे चार महिने पाऊस होता यावर विश्वास बसू नये. कॉलेजच्या एसटीत आतल्या गावांतल्या पोरी चढतात. पहाटेपासून विळा चालवून, दोन तांबे अंगावर ओतून, दहाच्या तासाला निघालेल्या. त्यांच्या ओढणीला पेंढ्याचं एखादं तूस चिकटलेलं असतं आणि अख्ख्या गाडीला कापलेल्या भाताचा ओलसर वास येतो. ज्यांना तो गोड लागतो त्यांना लागो. माझ्या नाकात तो शिरला की मुठी वळतात. यंदाही वळल्या. खिडकीजवळ बसलेल्या एका काकूंनी विचारलं, "काय गो, बरं वाटत नाय काय?" मी म्हटलं, "एकदम बरं वाटतंय."

तेव्हा माझा बेत ठरला होता, म्हणून बरं वाटत होतं.

आमच्या कॉलेजात जिन्याखाली एक फळा आहे. खडूने लिहायचा नव्हे, कागद चिकटवायचा. त्यावर भित्तिपत्रक मंडळाचा अंक लागतो. ड्रॉइंग पेपर एकाला एक जोडून, स्केचपेनने हाताने लिहिलेला. छापील काही लावायचं नाही, हा जुना दंडक. हाताने लिहिलं की माणूस दोनदा विचार करतो, असं विनयदादा म्हणायचा.

विनयदादा म्हणजे तोच माणूस.

मी पहिल्या वर्षाला आले तेव्हा त्याला पास होऊन पाच वर्षं झाली होती. तरी दर शनिवारी दुपारी त्याची मोटरसायकल गेटातून आत यायची. मंडळाच्या खोलीत पाठ असलेली एकच खुर्ची होती, बाकी सगळी बाकं. ती खुर्ची त्याची. खोटं कशाला बोलू, लिहायला मला त्यानेच शिकवलं. "पहिल्या ओळीत कोणी केलं. दुसरीत काय केलं. तिसरीत आपल्याला काय पाहिजे. 'असे समजते' लिहायचं नाही. कोणाला समजतं? तुला समजलं ना? मग तुझं नाव घालून लिही." आज मी टायपिंगच्या दुकानात बसते आणि उरलेल्या वेळात गावोगावची पत्रकं लिहून देते. पाणी, रस्ता, बंद पडलेली एसटी. त्या प्रत्येक पत्रकाच्या पहिल्या तीन ओळी त्याच्या आहेत. हेही मला खुपतंच.

खळ करायलाही त्यानेच शिकवलं. मैदा पाण्यात कालवायचा, स्टोव्हवर ढवळत राहायचा, गुठळी होऊ द्यायची नाही, आणि उतरवताना चिमूटभर मोरचूद टाकायचा. पांढऱ्या खळीला निळसर झाक येते. मोरचूद विसरलात तर आठ दिवसांत झुरळं कागद खातात आणि उरलेल्याला बुरशी धरते. एकदा मी विसरले होते. सोमवारी बघतो तर अग्रलेखाचं अर्धं शीर्षक झुरळांच्या पोटात. दादा म्हणाला, "वाचक मिळाले गो तुला, अगदी मन लावून वाचलंनी."

आणि वीत. मंडळाचा सगळ्यांत मोठा दंडक तो. ज्याच्याविरुद्ध लिहाल त्याला खाली वीतभर जागा कोरी ठेवायची. त्याला उत्तर द्यायचं असेल तर त्याने यावं, पेन घ्यावं, तिथेच लिहावं, आणि तो काय लिहील त्याला कोणी हात लावायचा नाही. प्राचार्यांवर लिहिलं तेव्हा प्राचार्यांना जागा. कँटीनवाल्याच्या शिळ्या समोशांवर लिहिलं तेव्हा कँटीनवाल्याला जागा, त्याने लिहिलं होतं, "समोसा ताजाच असतो, पोरं उशिरा येतात." कोणाची वीत, यावरून वाद नको म्हणून दादाने बाकाच्या कडेला ब्लेडने दोन खाचा मारल्या होत्या. त्याच्या स्वतःच्या हाताच्या मापाच्या. हात लांबसडक, बोटं पेटी वाजवणाऱ्या भजन्याची. आमच्या पोरींच्या दीड विती बसतील एवढी त्याची एक. आम्ही कागद त्या खाचांना लावायचो आणि तेवढी जागा सोडायचो. मला तेव्हा वाटायचं, एवढी मोठी वीत ठेवणाऱ्या माणसाचं मनही तेवढंच असणार.

वेडी होते.

पाच वर्षांपूर्वीची कापणी. त्या जूनमध्ये मी पास झाले होते आणि तरी शनिवारी मंडळात येत होते. दादा येतो तर मी का नको, इतकंच. माझी मैत्रीण प्राजक्ता, तिच्या वाडीच्या वर सडा आहे आणि सड्याच्या पायथ्याशी जांभ्याच्या फटीतून एक झरा यायचा. बारमाही. कापणीच्या आधी वाडीतल्या बायका जमून तो साफ करायच्या, पालापाचोळा काढायच्या, कडेचे दगड नीट बसवायच्या, एक नारळ ठेवायच्या आणि मग शेतात उतरायच्या. मी त्या वर्षी त्यांच्याबरोबर गेले. पाणी इतकं गार की दातांपर्यंत कळ जावी. पण बारीक झालेलं. वर सड्यावर चिरेखाण सुरू झाली होती. चिरे कापायच्या मशीनचा आवाज खाली येत होता, आणि झऱ्याच्या तळाशी लाल गाळ बसला होता, कुंकू विरघळल्यासारखा.

प्राजक्ताची आई सुमनकाकी, हातात विळा, कंबरेला पदर खोचलेला, मला म्हणाली, "कागदावर लिवून काय पानी येनार हाय गो?"

मी म्हटलं, "काकी, लिहिलं नाही तर जाणार मात्र नक्की."

"मग लिव. माजं नाव पन घाल. घाबरत नाय मी कोनाला."

घातलं. कोणी केलं, काय केलं, आम्हाला काय पाहिजे. खाणवाल्याचं नाव, वाडीतल्या बायकांची नावं, झऱ्याचं सुरुवातीपासूनचं सगळं. मी आणि प्राजक्ता दोन दिवस बसलो. खाणवाल्यासाठी खाली कोरी जागा सोडली, खाचांना लावून, बरोब्बर. शुक्रवारी संध्याकाळी कागद लागला. शनिवारी सकाळी फळा मोकळा होता. चारी कोपऱ्यांना ड्रॉइंग पेपरच्या टिकल्या तेवढ्या उरलेल्या.

खाणवाल्यासाठी जागा ठेवली होती, तो आलाच नाही. आला तो त्याचा होणारा जावई. दादाची सोयरीक त्या घरात जमत होती, हे आम्हाला सोमवारी कळलं. साखरपुड्याची तारीखसुद्धा ठरली होती. त्याला वीतभर जागा होती. त्याने अख्खा कागद घेतला.

मी त्याला विचारलं. खोलीत, सगळ्यांसमोर. तो खुर्चीत बसला होता.

"दादा, कागद तू काढलास?"

"माहिती तपासलेली नव्हती."

"कुठली? कुठली ओळ चुकली? सांग, आत्ता दुरुस्त करते."

"वैशाली, आवाज खाली."

"खाली जागा होती. तिथे लिहायचं होतंस की चुकलंय म्हणून."

तो उठला, हेल्मेट उचललं आणि गेला. आठवड्याभरात फळ्यावर नोटीस लागली. छापील! माजी विद्यार्थ्यांनी निमंत्रणाशिवाय मंडळाच्या कामात सहभागी होऊ नये. खाली सही कोणाची? मार्गदर्शक म्हणून त्याचीच. आठ वर्षांपूर्वी पास झालेल्या माणसाने चार महिन्यांपूर्वी पास झालेल्या मुलीला माजी म्हणून हाकललं, आणि कॉलेजात कोणाला हसूसुद्धा आलं नाही.

पुढच्या शनिवारी गेटवरचे वॉचमन काका मान खाली घालून म्हणाले, "आयकार्ड दाखव गो."

"काका, मार्चपर्यंत माझ्या डब्यातली भाकरी खात होतात."

"भाकरी बरी होती. पण आयकार्ड नाय ना तुझ्याकडे."

त्या मे महिन्यात झरा आटला. प्राजक्ता तेव्हा लोट्याला कंपनीत लागली होती, तिने फोनवर एवढंच सांगितलं, "आई हंडा घेऊन खालच्या विहिरीवर जाते आता." मला तिच्या मागून कंपनीच्या बसचा हॉर्न ऐकू येत होता.

मी काय केलं? मी गेले नाही. गेटासमोर रस्त्यापलीकडे वडापावच्या गाडीशेजारी एक कट्टा आहे. दर शनिवारी दुपारी मी तिथे जाऊन बसायला लागले. पहिल्यांदा एकटीच. मग दोन पोरी आल्या, मजकूर दाखवायला. मग सात-आठ जणं. आत अधिकृत मंडळ, बाहेर आमचं. आतला अंक वृक्षारोपणावर, बाहेरचा मजकूर मुलींच्या संडासातल्या तुटलेल्या कडीवर. आणि सोमवारी पोरींनी आत नेऊन फळ्यावर कडीच लावलेली असायची. कडीचा मजकूर म्हणतेय मी, पण नंतर खरी कडीसुद्धा बसली. दादा हळूहळू यायचा बंद झाला. लग्न झालं, सासऱ्यांच्या धंद्यात शिरला, गाडी आली. प्राचार्य बदलले, नोटीस कोणीतरी काढली, वॉचमन काकांनी एका शनिवारी गेट उघडून नुसती मान हलवली. मी आत गेले.

आत गेले आणि त्या खुर्चीवर बसले.

हे मी आता लिहितेय तेव्हा मला दिसतंय. त्या दिवशी नव्हतं दिसलं. त्या दिवशी वाटलं, जिंकले. पाच वर्षांत पाच तुकड्या पास होऊन गेल्या, कोणी मुंबईला, कोणी लोट्याला, कोणी मंडणगडला शाळेत शिकवायला. मी तिथेच. घरचे विचारायचे, "तुला तिकडं काय मिळतं?" काय सांगणार? मला एकच गोष्ट हवी होती. तो कागद परत त्याच फळ्यावर लागायला हवा होता, आणि त्या माणसाने त्याच्यासमोर उभं राहून उत्तर द्यायला हवं होतं. माझ्याकडे कच्चा मसुदा होता, वहीच्या पानांवर, प्राजक्ताच्या अक्षरात. पाच वर्षं मी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला होता. दर पावसाळ्यानंतर काढून उन्हात घालायचे. लोक लोणच्याच्या बरण्यांना ऊन दाखवतात. मी सूड वाळवत होते.

यंदा संधी चालून आली. मंडळाचा वर्धापनदिन कापणीच्या दिवसांत ठरला आणि कॉलेजने प्रमुख पाहुणा ठरवला: मंडळाचे माजी विद्यार्थी, उद्योजक, विनय अमुकतमुक. मी पत्रिका वाचली आणि त्या रात्री मला झोपेऐवजी वाक्यं आली.

अंकाचं काम सानिया बघते. तिसऱ्या वर्षाची, नाटे गावची, घरची होडी आहे. मासळीबाजारात आईबरोबर उभी राहून वाढलेली, त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांत बघून भाव सांगायची सवय. मी तिच्यासमोर कागद उलगडला. काठापासून काठापर्यंत लिहिलेला. वर जुना मजकूर, खाली विनयदादा. विकला गेलेला, लाळघोट्या, सासऱ्याच्या खाणीतला चिरा. एकेक शब्द पाच वर्षं परजलेला.

तिने शांतपणे वाचला. मग कागद उचलला आणि बाकाच्या खाचांना लावून बघितला.

"ताई, वीत कुठाय?"

"त्याला कशाला वीत? त्याने अख्खा कागद खाल्ला होता."

"हो. पण आपण ठेवतो ना."

"सानिया, तुला माहीत नाही तो माणूस..."

"तुम्ही दर शनिवारी सांगता, ताई. पाठ झालाय तो माणूस आम्हाला." मागच्या बाकावर कोणीतरी खुसकन हसलं. "आणि हे लाळघोट्या काय? पहिल्या ओळीत कोण, दुसऱ्या ओळीत काय केलं. यात त्यांनी काय केलं ते कुठाय?"

मी म्हटलं, "विशेषणं म्हणजे पत्रकाचं मीठ असतं."

"हे खारं झालंय," ती म्हणाली. "आम्ही खारं सुकट खाणारी माणसं आहोत, आम्हाला कळतं."

मी चिडले. बोलू नये ते बोलले. मी नसते तर हे मंडळ उरलं नसतं, तुम्ही वृक्षारोपणाच्या कविता लिहीत बसला असता, वगैरे. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "कागद मंडळाच्या नावाने लागणार ना? मग मंडळ ठरवणार. तुम्ही पास झालात, ताई."

त्याच खोलीत. त्याच्या नोटिशीतलंच वाक्य. मला वाटलं होतं ते फक्त त्याच्या तोंडात शोभतं.

शेवटी कागद नव्याने लिहिला गेला. वर जुना मजकूर जसाच्या तसा, सुमनकाकीच्या नावासकट. सानिया आणि अजून एक पोरगी मध्ये एका रविवारी वाडीवर जाऊन आल्या होत्या, मला न सांगता. त्यांनी एक परिच्छेद जोडला: झरा आता कोरडा आहे, कापणीआधी बायका तरीही जमतात, तो साफ करतात आणि नारळ ठेवतात. मला हे माहीत नव्हतं. पाच वर्षांत मी त्या माणसाचा इतका विचार केला की वाडीवर जायचं राहून गेलं होतं. त्याखाली तीन ओळी: हा मजकूर पाच वर्षांपूर्वी याच फळ्यावर लागला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो विनयदादांनी काढला. का काढला, हे त्यांनी सांगावं. आणि त्याखाली वीत, खाचांना लावून. लिहिलं मी, कारण माझं अक्षर मोठं. खळही मीच केली. बाकी काही माझ्या हातात राहिलं नव्हतं.

तो आला. पांढरा शर्ट, पोट थोडं सुटलेलं, हसणं तेच. जिन्याखाली सगळी गर्दी. सानियाने पुढे होऊन टोपण काढलेलं स्केचपेन त्याच्यापुढे धरलं.

"सर, तुमच्यासाठी जागा ठेवलीय."

त्याने वाचलं. सावकाश वाचलं. हसू जागच्या जागी वाळलं. मग वळून माझ्याकडे बघितलं.

"वैशाली. अजून इथंच? पास झालीस ना गो?"

"तूपण झाला होतास, दादा."

पोरं हसली. त्याने पेन घेतलं. दुसरा हात सवयीने वर गेला, लिहिण्याआधी जागा बघायला जातो तसा, आणि कोऱ्या कागदावर पसरला. अंगठा या टोकाला, करंगळी त्या टोकाला. बरोब्बर. केसभर इकडे नाही की तिकडे नाही. आपलीच वीत आहे हे त्याला कळलेलं मी बघितलं. तेवढ्यासाठी मी शनिवारमागून शनिवार कट्ट्यावर उन्हात बसले होते, आणि सांगते, ते ऊन फुकट गेलं नाही.

त्याने पेनाला टोपण लावलं. "नंतर लिहितो," म्हणाला. भाषण सहा मिनिटांत आटोपलं. चहाला थांबला नाही.

मला त्याची दया आली का? नाही. लोक अशा जागी दया येते म्हणून लिहितात. त्याला अजून एक मिनिट तिथं उभं ठेवता आलं असतं तर मी ठेवलं असतं.

पुढच्या शनिवारी मी ताठ मानेने खोलीत गेले. जिन्याखाली त्या कागदाशेजारी नवा अंक लागलेला. शीर्षक: पास झालेल्यांचं काय करायचं? नाव कोणाचं नव्हतं, पण खुर्चीचा उल्लेख होता. शेवटी लिहिलं होतं: "ताईंचा राग खरा आहे. आम्ही तो लावला. पण तो पाच वर्षांचा आहे, आणि आम्हाला आमचे राग आहेत. फळा एकच आहे. आमचे कुठे चिकटवायचे?" त्याखाली वीत. कोरी.

जिन्याखाली कोणी नव्हतं. खळ ओली होती, हाताला लागली. कागदाचा कोपरा नखात धरला तर एका ओढीत आला असता. त्याचा आला असेल तसाच. मी तो कोपरा किती वेळ धरून उभी होते ते मला सांगता येणार नाही. वरून कोणीतरी धडधडत जिना उतरलं, मी हात काढला. बोटावर खळ पांढरीशुभ्र होती. निळी झाक अजिबात नाही. पोरांनी मोरचूद घातलाच नव्हता.

मी पर्समधून पेन काढलं आणि वितीत लिहिलं: "मान्य. खुर्ची सोडली. शनिवारी येणार नाही. बोलावलंत तर बाकावर बसेन. खळीत मोरचूद घाला, नाहीतर झुरळं मला खातील." खाली नाव. जागा अजून उरली होती. तरी तिच्यात न मावलेलं सगळं इथे वर लिहिलंय.

परवा कापणी चालू असताना वाडीवर गेले. सुमनकाकीने हातात विळा दिला आणि म्हणाली, "आता आलीस तर वाकून काप, उभी राहून बघू नको." संध्याकाळपर्यंत कापलं. परतीच्या एसटीत माझ्याच ओढणीला पेंढ्याची तुसं होती. सानियाचा फोन आला. काही नाही, नुसतं सांगायला: दादांनी अजून काही लिहिलेलं नाही. पहिल्या वर्षाची पोरं रोज थांबतात, विचारतात की हे खाली रिकामं का ठेवलंय, आणि कोणीतरी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगतं.

पोरांचा माझ्यावरचा कागद महिन्याभरात गळून पडेल. दादासाठी वीत ठेवलेला पडणार नाही. त्या दिवशी खळ मी केली होती, आणि मोरचूद दुप्पट घातला होता.